पाव, चावी आणि पोर्तुगीज उच्चार

माझी शामाय, म्हणजे आजी, पोर्तुगीज शाळेत शिकली. आता तिला नीट दिसत नाही, म्हणून लिस्बनहून आलेली तिच्या भावाची जुनी पत्रं मी वाचून दाखवते. पहिल्याच पानावर तिने मला तीनदा थांबवलं. अर्थ मला कळत होता, उच्चार चुकत होते.

पहिली अडचण नाकाची. आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण येताना त्याचा अनुनासिक स्वर गळला. मूळ उच्चार ‘पाँउ’सारखा, हवा तोंडातून आणि नाकातून एकाच वेळी सोडायची, शेवटी ‘म’ किंवा ‘न’ होऊ द्यायचा नाही. नाक विसरलात तर ‘पाउ’ होतं, आणि त्याचा अर्थ काठी!

दुसरी अडचण ‘ओ’ची. ‘अवॉ’ म्हणजे आजी, ‘अवो’ म्हणजे आजोबा. पहिल्यात तोंड ‘कॉलेज’सारखं उघडायचं, दुसऱ्यात ‘ओठ’सारखं गोल करायचं. मी शामायला चक्क आजोबा करून टाकलं होतं. खरं तर कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडात हा भेद असतोच. देवनागरीत लिहिताना तो दिसत नाही, म्हणून वाचताना आपण फसतो.

तिसरी अडचण रोमन ‘एच’ची. एल किंवा एनपुढे तो आला की आपल्याला ‘कोल्हा’, ‘न्हाणी’ आठवतात. पण इथे ‘ह’ नाहीच. जिभेचा मधला भाग टाळूला टेकवायचा: मुलगा म्हणजे ‘फिल्यु’, वाइन म्हणजे ‘विन्यु’. आपल्या वर्णमालेतला ‘ञ’ शाळेनंतर पहिल्यांदाच माझ्या कामी आला.

मात्र सगळ्याच ठिकाणी आपण चुकीचे नाही. आजच्या लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव्’ म्हणतात. शेवटचा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. पण 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा त्यांच्याकडेही तिथे ‘च’च होता. तो पुढे ‘श’ झाला. आपल्या ‘चावी’ने जुना आवाज सांभाळून ठेवलाय.

शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन, शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नका. आधी जाणकाराच्या तोंडून ऐका, मग अक्षर बघा. माझी जाणकार घरातच आहे, पण ती आता थकली आहे, आणि घरात तिच्याशी ही भाषा बोलणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

गेल्या रविवारी मिस्सानंतर पूर्ण पान वाचलं. शामायने एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, “परत वाच गो.” मी विचारलं, कुठे चुकलं? चुकलं काहीच नव्हतं.