सांडपाण्याचा दर आणि कोरा रकाना

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. सांडपाण्याचा धडा आला की नमुना आणून त्यातील प्राणवायूची मागणी मुलांना मोजून दाखवतो. हे मोजमाप मी पदवीला शिकलो. सांडपाणी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. माझा बाप नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात बिगारी होता. चेंबरचे झाकण काढल्यावर आत झुरळे पळताना दिसली तरच तो उतरायचा. सडक्या अंड्यांचा वास आला तर थांबायचा, आणि येत असलेला वास एकाएकी बंद झाला तर दोर धरून वर पळायचा. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, हे मला पुढे पुस्तकात सापडले. बापाला ते पुस्तकाविना ठाऊक होते.

हे पाणी साफ करण्याचे पैसे शहर कारखान्याकडून कसे घेते, ते आपल्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे. नुसत्या लिटरवर दर लावला, तर बाटल्या धुणारा आणि कापड रंगवणारा एकाच मापाने मोजले जातात. इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्याने कारखान्यांना सार्वजनिक गटारात सांडपाणी सोडण्याची वाट मिळाली. तिथे दर ठरवण्यासाठी जे सूत्र रूढ झाले ते लंडनच्या मॉग्डेन केंद्राच्या नावाने ओळखले जाते. त्यात चार रकमांची बेरीज आहे : पाणी वाहून नेण्याचा खर्च, त्याच्या आकारमानाप्रमाणे प्राथमिक प्रक्रियेचा खर्च, जंतूंकडून घाण खाववण्याचा खर्च आणि गाळाची विल्हेवाट. शेवटच्या दोन रकमा घाणीच्या प्रमाणात वाढतात. समजा, शहराच्या सर्वसाधारण सांडपाण्याची रासायनिक प्राणवायूची मागणी लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि कारखान्याची १६००. तर त्याला तिसरी रक्कम चौपट पडते. गाळाचा हिशेब तरंगत्या कणांवरून. विचार सरळ आहे : ज्याने घाण केली त्याने भरावे.

आपल्याकडे १९७७ च्या पाणी उपकर कायद्यात वापराप्रमाणे वेगवेगळे दर होते, पण ते हजार लिटरला काही पैसे इतकेच. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, तो कायदाही गेला. औद्योगिक वसाहतींत सामाईक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. २०१२ च्या सुधारित योजनेत अशा केंद्राच्या उभारणीचा निम्मा खर्च केंद्र सरकारने, पाव राज्याने आणि उरलेला पाव उद्योगांनी द्यायचा होता. म्हणजे घाण करणाराने भरावे हे तत्त्व उभारणीपुरते पाव हिश्शाचेच! चालवण्याचा खर्च सभासद कारखान्यांकडून वर्गणीने घेतला जातो. वर्गणी घाणीच्या मापाने वाढू लागली की रात्री चोरून गटारात सोडलेले पाणी फुकट पडते, हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको.

पण माझा मुद्दा दराच्या पुढचा आहे. पर्यावरण संरक्षण नियमांना १९९३ साली सहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यातला तक्ता मी अनेकदा वाचला आहे. जैविक प्राणवायूची मागणी नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम, सार्वजनिक गटारात ३५०. हे पटते, कारण गटारापुढे प्रक्रिया केंद्र असते. मग सल्फाइडची ओळ येते. नदीसाठी २, समुद्रासाठी ५. सार्वजनिक गटाराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मंडळाला संमतिपत्रात वेगळी अट घालता येते, हे खरे. पण तक्ता करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मासे होते. गटारात माणूसही असतो, हे त्यांच्या लेखी नव्हते.

त्या रेघेचा अर्थ असा. कातडे कमावताना केस काढायला सोडियम सल्फाइड लागते, गंधक-रंगांनाही लागते. (कातड्याचा धंदा पिढ्यानपिढ्या कोणाच्या माथी मारला हे वेगळे सांगायला नको, हे रसायन मात्र कारखानदारीने आणले.) विद्राव अल्कधर्मी असेतो सल्फाइड पाण्यातच विरघळून राहते. वरच्या गल्लीतल्या मुलामा देणाऱ्या कारखान्याने धातू धुतलेले आम्ल सोडले आणि दोन्ही पाणी एका चेंबरमध्ये भेटले, की वायू क्षणात सुटतो. मॉग्डेनच्या चारही रकमांत या भेटीची किंमत कुठेच धरलेली नाही. ती परवान्याच्या अटींनी आणि आम्लतेच्या तपासणीने आधीच टाळायची असते, आणि त्यासाठी रात्रीही कोणीतरी नमुना घ्यावा लागतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवण्याला बंदी केली. गटारमृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. ती द्यायची सरकारने. आम्ल कोणी सोडले, सल्फाइड कोणी सोडले, हे शोधून वसूल करण्याची सोय सांडपाण्याच्या बिलात नाही.

मी शाळेत असताना बापाचा जोडीदार एका उन्हाळ्यात खाली गेला. बाप वर दोर धरून होता. पुढे जो कागद झाला त्यात ‘वायूने गुदमरून’ एवढे दोनच शब्द होते. त्या गटाराला वरच्या अंगाने कोणकोणते कारखाने जोडलेले आहेत, असे बापाला कोणी विचारले नाही. त्याला ते सगळे तोंडपाठ होते.