पायरी पायरीने

मोठ्या संघाचा प्रशिक्षक होण्यासाठी आधी नामवंत खेळाडू असावेच लागते का? इटलीच्या मॉरिझिओ सार्री यांची हकिकत वाचा.

इटलीतील फुटबॉलच्या साखळी स्पर्धा शिडीसारख्या असतात. सर्वांत वरची पायरी म्हणजे 'सेरी आ'. तिच्याखाली अनेक पायऱ्या आहेत. हंगामात पुढे राहिलेले संघ वर चढतात आणि मागे पडलेले खाली उतरतात.

सार्री यांचा जन्म १९५९ साली नेपल्स येथे झाला. ते बँकेत नोकरी करीत. व्यावसायिक खेळाडू ते कधीच नव्हते. १९९० मध्ये त्यांनी स्तिया या छोट्या गावाचा संघ हाती घेतला. बँकेचे काम संपले की ते मैदानावर जात. पुढे त्यांनी ती पक्की नोकरी सोडली. यशाची मात्र खात्री नव्हती. खालच्या पायऱ्यांवरील काही संघांनी तर त्यांना काढूनही टाकले. तरी त्यांनी मैदान सोडले नाही.

२०१४ मध्ये त्यांचा एम्पोली संघ 'सेरी आ'त पोहोचला. २०२० मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली युव्हेंटस संघ इटलीचा विजेता ठरला. तेव्हा सार्री ६१ वर्षांचे होते.

स्तियाच्या मैदानापासून इथवर येण्यास त्यांना ३० वर्षे लागली. आता सांगा, तुमची पहिली पायरी कोणती?