म्हशीला वारा कोण घालणार?

डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर मे महिन्यात माणसाच्या जिवाची काहिली होते. मग पत्र्याखाली बांधलेल्या म्हशीचे काय होत असेल? कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षाही कमी. त्यात पोटात चारा आंबताना तयार होणारी उष्णता वेगळीच. डबक्यात डुंबावे, तर तबेल्यात ते कुठले? मग ती धापा टाकते, चारा कमी खाते, दूध घटते. माजही नीट ओळखू येत नाही आणि पुढचे वेत लांबते.

हल्ली पाण्याचे फवारे सुचवले जातात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते ठीक; खाडीकाठच्या दमट हवेत पाणी चटकन वाळत नाही, कोंदटपणा मात्र वाढतो. इथे अंग भिजवायचे तर जोडीला पंखा हवाच. त्याआधी छप्पर उंच, आढ्याला फट आणि बाजू मोकळ्या हव्यात. म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि मूत्रातून सुटणारा, डोळे-फुप्फुसांना झोंबणारा अमोनियाही.

शहराच्या दाटीतून म्हशी बाहेर काढण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. शहर मात्र त्यांच्या मागोमाग गेलेच! तबेल्याला खेटून इमारत उभी राहिली, की वाऱ्याची वाटच बंद. मग पंख्याचे बिल येते ते दुधाच्या हिशेबात.