टेकडी हिरवी झाली, पण वन झाले काय?

प्रतिवर्षी मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे शाळा, मंडळे व सरकारी खाती यांची झाडे लावण्याची लगबग सुरू होते आणि वर्तमानपत्रांत रोपांचे आकडे झळकू लागतात. ते वाचून कोणालाही आनंदच वाटावयाचा. परंतु ती रोपे कोणकोणत्या जातींची होती, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आमच्या मते तोच प्रश्न पहिला होय.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक बोडक्या टेकड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. ह्या झाडाची निंदा करण्याचे कारण नाही. ते निकस मुरमातही भराभर वाढते, गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, आणि जळणाची सोय होते. पण काही वर्षांनी त्या रांगांतून हिंडून पाहावे. खाली चिवट पाचोळ्याचा थर. तो लवकर कुजत नाही व त्यातून गवतही फारसे वर येत नाही. पाखरांना रसाळ फळ नाही, म्हणून त्यांचा राबता थोडा. आणि राबता थोडा, म्हणून जांभूळ-उंबराचे बी येऊन पडण्याचा संभवही थोडा.

आता दाजीपूरचे रान पाहा. संस्थानच्या काळी ते शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले, आणि २०१२ साली राधानगरी अभयारण्याची जागतिक वारशात गणना झाली. येथे जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशी झाडे एकमेकांत मिसळून उभी आहेत. त्यांच्याखाली कारवी व वेलींची दाटी. कोणाचे मूळ खोल जाते, कोणाचे वरच्या थरात पसरते. त्यामुळे पाण्यासाठी सर्वांची एकाच जागी ओढाताण होत नाही. एकाचा पाला लवकर कुजून खत होतो, दुसऱ्याचा सावकाश कुजून माती झाकून ठेवतो. खैर, करंज यांसारखी शेंगवर्गातील झाडे मुळांवरच्या गाठींतील जंतूंकरवी हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, आणि त्याचा लाभ शेजाऱ्यांस पोहोचतो. फळे निरनिराळ्या महिन्यांत पिकतात, म्हणून धनेश व शेकरू यांची उपासमार होत नाही.

हा केवळ रानातल्या जीवांचा प्रश्न नव्हे. शाहू छत्रपतींनी ज्या भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, तिचे पाणी ह्याच डोंगरांतून येते. सरींचा मारा उंच शेंडे, मधली झुडपे आणि पाचोळा असा तीन ठिकाणी अडला म्हणजे माती वाहून धरणात जात नाही. शिवाय राधानगरी-भुदरगडच्या शेतकऱ्यांस गवा उसात शिरल्याचा अनुभव नवा नाही. त्याची कारणे अनेक आहेत. तथापि रानात चारा नसणे हे त्यांतील एक खासच.

एकत्र कुटुंबातील सर्व कर्ते पुरुष एकाच पेढीवर असले आणि ती पेढी बुडाली, तर घराची जी गत होते तीच एकजातीच्या वनाची. कीड बहुधा ठराविक जातीवरच जगते. जर्मनीत मैलोगणती एकट्या स्प्रूसची वने लावलेली होती. २०१८ पासून ओळीने अवर्षणे पडली, झाडे दुबळी झाली, आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी हार्झ पर्वतावरील उतारच्या उतार वाळवून टाकले. आपल्या वनखात्याचे पहिले प्रमुख ब्रॅंडिस (१८६४) हे जर्मनच होते, हे येथे सहज आठवते. उलट चीनमधील जियांगशी प्रांतात मुद्दाम केलेल्या प्रयोगात सोळा जातींच्या मिश्र वाफ्यांनी आठ वर्षांत एकजातीच्या सरासरी वाफ्याहून दुपटीपेक्षा अधिक कर्ब साठविल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पंचवटीतही वड, पिंपळ, बेल, आवळा व अशोक असे पाच निरनिराळे वृक्ष सांगितले आहेत. पाच वड नव्हेत.

मात्र हाती येतील ती रोपे एकत्र खोचणे म्हणजे मिश्र लागवड नव्हे. भराभर वाढणारे झाड शेजारच्या हळू वाढणाऱ्यास झाकून मारते. छाटणीचे व देखरेखीचे काम वाढते. इमारती लाकूड एकदम काढता येत नाही, हाही तोटा खरा. आणि पन्हाळ्याजवळील मसाई पठारासारख्या सड्यांवर तर झाडे लावूच नयेत; तेथील पावसाळी फुले व गवत हीच तेथली संपत्ती आहे.

ज्यांना घरीच रोपे करावयाची आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, जांभळाची बी वाळली की मरते. मुलांनी खाऊन टाकलेल्या बिया धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत पेराव्या. हिरड्याची बी कठीण असते. ती रुजण्यास वेळ लागतो, म्हणून दोन महिन्यांत कोंब दिसला नाही तरी पिशवी उपटून टाकू नये.