जायपत्री परदेशी पाठविताना

कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांत जायफळाचे आंतरपीक आता नवे राहिलेले नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा'सारखे वाण दिल्यापासून पुष्कळ बागाईतदार या पिकाकडे वळले आहेत. या फळातील मोलाचा भाग म्हणजे बीवरील लाल जाळीदार आवरण, जायपत्री. शेकडो फळे फोडावीत तेव्हा कोठे किलोभर वाळलेली जायपत्री हाती येते. वजनास हलका, किमतीस भारी व लवकर न नासणारा असा हा माल टपालाने परदेशी पाठविण्यास सोयीचा आहे. गावचा एखादा मनुष्य लंडनला किंवा मस्कतला असतो, त्याच्या ओळखीने मागणी येते आणि बचतगटातील भगिनी गावपातळीवरील कार्यकर्त्यास विचारतात, 'साहेब, हे पाठवायचे कसे?'

अशा लहान गटाची एक पेटी गहाळ झाली किंवा परदेशी जकातीत अडकून पडली, तर हंगामभराचा नफा तिच्याबरोबर जातो. सबब पाठविण्याचे तंत्र आधी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम खर्चाचा विचार करू. पुष्कळांची समजूत अशी की, भाडे केवळ वजनावर ठरते. खाजगी कुरिअर कंपन्या मात्र पेटीचा आकारही वजनात धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा व त्यास ५,००० ने भागावयाचे. येणारा आकडा हे आकारमानाचे वजन. ते व तराजूवरचे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे. समजा, एका गटाने ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या पेटीत एक किलो जायपत्री सैल भरली. गुणाकार १५,००० होतो. म्हणजे भाडे तीन किलोचे. तोच माल २५ × २० × १२ च्या पेटीत बसविला तर आकारमानाचे वजन १.२ किलो होते. दोन्ही वेळी माल किलोभरच. दुसऱ्या वेळी मात्र हवेचे भाडे वाचले.

परंतु वाळलेली जायपत्री दाबून भरू म्हटले तर तिचा चुरा होतो आणि चुऱ्यास अख्ख्या पाकळीचा भाव येत नाही. याचा उपाय पेटी भरताना सापडत नाही, तो खळ्यावरच करावा लागतो. जायपत्री बीवरून सोडविल्यावर ओली व लवचिक असते. त्याच वेळी ती हाताने किंवा दोन स्वच्छ फळ्यांमध्ये दाबून चपटी करावी व मग वाळवावी. चपट्या पाकळ्या पानांसारख्या एकमेकींवर बसतात व थोड्या जागेत मावतात. भाड्यातील बचतीचा मोठा भाग या एका कामात आहे, असे माझे मत आहे. वाळवणी पूर्ण व्हावयास हवी. पाकळी वाकविताच मोडली पाहिजे. ओल राहिल्यास बुरशी धरते व अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. युरोपीय संघाने जायफळवर्गीय मसाल्यांत त्याची मर्यादा किलोमागे एकूण १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून सुगंध हळूहळू निघून जातो. म्हणून अॅल्युमिनियमचा थर असलेली, उष्णतेने तोंड बंद होणारी पाकिटे घ्यावीत. ती पाच पदरी पन्हळी पुठ्ठ्याच्या पेटीत घट्ट बसवावीत आणि रिकाम्या जागेत कागदाचे बोळे घालावेत. भाताचा पेंढा किंवा वाळले गवत मात्र मुळीच घालू नये. ऑस्ट्रेलियासारखे देश त्यावरून अख्खी पेटी रोखतात. पेटी बंद करून हलवावी. आत खुळखुळ ऐकू आली तर पुन्हा भरावी. पत्त्याची एक प्रत पेटीच्या आतही ठेवावी, कारण वरचा कागद फाटतो. मांजरपाटात शिवून लाखेची मोहोर करण्याची जुनी रीत दिसावयास सुरेख होती. आज तिचा उपयोग नाही.

आता कागदपत्रे. विक्रीसाठी माल पाठविणाऱ्यास विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये असून अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. जायपत्री मसाल्यात मोडत असल्यामुळे मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणीही हवी आणि अन्न परवाना तर हवाच. पुढचे काम डाकघर निर्यात केंद्रात होते. २०२२ पासून ही केंद्रे उघडू लागली व आता देशात त्यांची संख्या हजारावर आहे. टपाल निर्यात पत्रक तेथूनच ऑनलाइन भरले जाते. जकातीची तपासणी परदेशी टपाल कार्यालयात होते. त्यासाठी गटाला मुंबईस खेटे घालावे लागत नाहीत. लहान पाकिटांसाठी मागोवा ठेवणारी आंतरराष्ट्रीय सेवा कमी खर्चाची व ईएमएस ही जलद सेवा महाग, असा सर्वसाधारण भेद आहे.

मालाचे नाव 'मसाला' असे मोघम लिहू नये. 'वाळलेली अख्खी जायपत्री' असे स्पष्ट लिहावे व ०९०८.२१ हा तिचा जागतिक जकात क्रमांक द्यावा. किंमतही खरी लिहावी. कर वाचविण्यासाठी पाच हजारांचा माल पाचशेचा दाखविण्याचा सल्ला देणारे भेटतात. पेटी हरवल्यास भरपाई लिहिलेल्या किमतीपलीकडे मिळत नाही, हे ते सांगत नाहीत! शिवाय त्या सवलतींचाही आता भरवसा नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून लहान पुडक्यांवरही मूल्यवर्धित कर लावला. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी बंद केली, तेव्हा आपल्या टपालखात्यास तिकडील बहुतेक मालाची नोंदणी ऑक्टोबरपर्यंत थांबवावी लागली होती. कर कोण भरणार हे ग्राहकाशी आधीच ठरवावे व मालाचे पैसे बँकेमार्फत आगाऊ घ्यावेत.

देशोदेशीचे नियम वेगळे असतात. सौदी अरेबियात जायफळास मनाई आहे, तेव्हा आखाती देश म्हणजे सगळे एकच असे समजू नये. अमेरिकेस खाद्यमाल पाठविण्यापूर्वी तेथील अन्न व औषध प्रशासनास पूर्वसूचना देऊन तिचा क्रमांक पुडक्यावर लिहावा लागतो. ज्या देशास वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र हवे असेल त्यासाठी कृषी विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे माल बांधण्यापूर्वी जावे. आणि पेटीत जागा उरली म्हणून भाचीसाठी सोन्याचे कानातले किंवा ग्राहकास परसात लावण्यासाठी मूठभर बी घालण्याचा मोह टाळावा. विमा न उतरविलेल्या टपालात सोने चालत नाही आणि न सांगता घातलेल्या बियांपायी जायपत्रीही जप्त होऊ शकते.

पावतीवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. शेवटची दोन अक्षरे भारताची. तो ग्राहकास त्याच दिवशी कळवावा व पावती गटाच्या वहीत चिकटवून ठेवावी. पेटी ठरल्या वेळी न पोहोचल्यास लगेच टपाल कार्यालयात चौकशीचा अर्ज द्यावा. सर्वसाधारण टपालासाठी ही मुदत पाठविल्यापासून सहा महिन्यांची असते; जलद सेवेसाठी ती याहूनही कमी आहे.