जेर्सांची पाटी, जेर्सांच्या याद्या

अठराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र-दाम पुलावर दोन्ही बाजूंनी घरं होती आणि त्यांच्या तळाशी दुकानं. त्यातलं एक छोटंसं दुकान एडम-फ्रान्स्वा जेर्सां या चित्रविक्रेत्याचं. १७२० मध्ये चित्रकार आंत्वान वातो लंडनहून क्षयाचं दुखणं घेऊन परतला आणि जेर्सांकडे उतरला. बोटं मोकळी होतील, तुझ्या दुकानाची पाटी रंगवून देतो, म्हणाला. अंगात ताकद नसल्यानं तो फक्त सकाळीच काम करी, तरी आठ दिवसांत पाटी पुरी झाली. तीन मीटर रुंदीच्या त्या चित्रात भिंतभर चित्रं आहेत, ती निरखणारी गिऱ्हाइकं आहेत आणि एका कोपऱ्यात चौदाव्या लुईची तसबीर खोक्यात भरणारे नोकर. पुढच्याच वर्षी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वातो गेला. पाटी प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे पोचली. आज ती बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यात आहे.

जेर्सांचं नाव या पाटीमुळे टिकलं. मला मात्र त्याचं मोठं काम त्याच्या लिलावाच्या याद्यांमध्ये दिसतं. मालाच्या खरेदीसाठी तो हॉलंडला जाई. तिथे लिलावाआधी छापील यादी काढायची पद्धत रुळलेली होती. ती त्यानं पॅरिसमध्ये आणली आणि कितीतरी पुढे नेली. १७३६ मध्ये त्यानं शंख-शिंपल्यांचा लिलाव केला. श्रीमंतांना तेव्हा त्यांचा मोठा नाद होता. त्या यादीच्या सुरुवातीला त्यानं शंखांविषयी टिपण जोडलं आणि फ्रान्स व हॉलंडमधले नामांकित संग्रह कुठले, तेही सांगितलं. बोली लावणाऱ्याला आधी जाणकार करायचं, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. विकणाऱ्यानं स्वतःजवळचं ज्ञान असं उघड करणं ही साधी गोष्ट नाही.

१७४४ मध्ये कांतँ द लोरांजेर यांच्या संग्रहाची यादी करताना त्यानं वातोचं छोटं चरित्रच लिहून टाकलं. पाटीची ती हकिगत आपल्यापर्यंत पोचली ती याच यादीतून.

१७५० मध्ये जेर्सां वारला तेव्हा रेम्ब्रांच्या मुद्राचित्रांची तपशीलवार सूची त्याच्या कागदांत होती. एल आणि ग्लोमी या दोघांनी ती पुरी करून १७५१ मध्ये छापली. एका कलावंताच्या मुद्राचित्रांची एवढी बारकाईची सूची त्याआधी कुणी केली नव्हती. वर्षभरात लंडनमध्ये तिचं इंग्रजी भाषांतरही निघालं.