मानवी हक्क आणि पर्यावरण संरक्षण : आदिलाबादच्या वनप्रदेशाचा एक विचार

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, आरोग्यदायी व शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या २०१२ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातही असा उल्लेख आढळतो. म्हणजे तत्त्वतः मानवी हक्क व पर्यावरण संरक्षण परस्परपूरक आहेत. प्रत्यक्षात मात्र वननिवासी समाजाच्या बाबतीत त्यांच्यात संघर्ष निर्माण होतो. तो का होतो, हे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या (येथे २०१६ च्या विभाजनापूर्वीचा जिल्हा अभिप्रेत आहे) उदाहरणावरून स्पष्ट होते.

निजाम राजवटीत येथील गोंड शेतकरी हलकी जमीन काही वर्षे कसून पडीक ठेवीत आणि कस भरून आला की पुन्हा नांगरीत. राखीव जंगलाच्या सीमा आखताना पडीक जमीन बेवारस समजली गेली व जंगलात धरली गेली. शेतकरी स्वतःच्याच शेतात अतिक्रमणदार ठरला. या अन्यायाविरुद्ध कोमरम भीम उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे या प्रदेशाचा अभ्यास सोपविला. त्यांनी मारलावाई येथे राहून काम केले; अनेक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टेही मिळाले. तरी जमिनीचा प्रश्न मिटला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पुन्हा गोळीबार झाला.

वनहक्क कायदा २००६ ने ही चूक मान्य केली, असे म्हणता येईल. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क, कमाल ४ हेक्टरपर्यंत, या कायद्याने मान्य केला. वन्यजीवांच्या संकटग्रस्त अधिवासातूनही हक्कनिश्चिती पूर्ण झाल्याशिवाय व ग्रामसभेच्या संमतीशिवाय कोणास हलविता येत नाही. आधी हक्क, मग संरक्षण असा हा क्रम आहे. प्रशासनाला तो उलटा करण्याची सवय आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते वादाचे मूळ येथेच आहे.

अलीकडचे उदाहरण पाहा. ताडोबातील वाघ आसिफाबाद-कागजनगरच्या जंगलांतून कवल व्याघ्र प्रकल्पाकडे (स्थापना २०१२) जातात. वाघांना हा मार्ग हवा, याविषयी शंका नाही. त्यासाठी तेलंगणा शासनाने ३० मे २०२५ रोजी शासन आदेश क्र. ४९ काढून हे क्षेत्र संवर्धन राखीव घोषित केले. अशा घोषणेपूर्वी स्थानिक समाजाशी विचारविनिमय करण्याची अट वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. आमच्या ग्रामसभांना विचारले नाही, अशी आदिवासींची तक्रार होती. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे, आणि केवळ त्या घोषणेने गावे उठत नाहीत, हे खरे. पण राखीव या शब्दाचा येथील अनुभव तीन पिढ्यांचा आहे. आंदोलने व बंद झाल्यावर जुलै २०२५ मध्ये शासनाने तो आदेश स्थगित केला. त्या राखीव क्षेत्राला नाव दिले होते कोमरम भीम यांचे.